चौदा नंबरचा डबा

बुरुल एजे (एजे म्हणजे तिकडे ताई) दारात बूट काढून आत आल्या आणि बसायच्या आधीच त्यांनी टेबलावर एक कागद टाकला. खाली आठ सह्या होत्या. शिष्यवृत्ती परीक्षेचा पेपर बुरुल एजेंनीच फोडला आणि त्यांच्याबरोबर काम करायची आम्हाला लाज वाटते, असं त्यांच्याच परीक्षा केंद्रातल्या आठ जणांनी लिहून दिलं होतं. केंद्रात माणसं एकूण नऊ.

"सव्वीस वर्षं ह्या लोकांबरोबर एका किटलीतला चहा प्याले," त्या म्हणाल्या. "आज पाच वाजता हा कागद पोलिसांकडे जाणार."

साल्कीन अब्दिरोवाने कागद बोटाच्या टोकाने सरकवला. बिश्केकमध्ये खासगी तपासाची कामं घेऊन तिला अकरा वर्षं झाली होती, पण असल्या कागदांची किळस काही गेली नव्हती. तिचा साथीदार तेमिर पूर्वी प्रवासी व्हॅन चालवायचा. रस्ते त्याला पाठ होते, माणसं ओळखायला मात्र वेळ लागायचा. सह्या बघून त्याला वाटलं, आठ जण एकदम कसे चुकतील?

हकिगत सरळ होती. मंगळवारी दुपारी पेपर केंद्रातून बाहेर गेला. बुधवारी सकाळी तो शहरातल्या एका शिकवणीत पोरांच्या हातात दिसला. परीक्षा रद्द झाली आणि डोंगरातल्या गावांमधून आलेली पोरं रडत परत गेली. गुरुवारी नऊही संगणकांची यादी झाली, झडती झाली. चौदा नंबरच्या डब्यात, म्हणजे बुरुल एजेंच्या संगणकात, पेपर पाठवल्याची नोंद सापडली. मंगळवार, बारा चाळीस. त्या वेळी त्या एकट्याच जेवायला गेल्या होत्या, त्यामुळे त्यांच्या बाजूने सांगणारं कुणी नव्हतं.

"आणि पाठवायचा प्रोग्राम माझ्याकडे नाहीच," त्या म्हणाल्या. "तीन वर्षांपूर्वी सगळ्यांना 'ओर्दो' नावाचा संच दिला. लिहायचा, तक्ते करायचा, चित्रांचा, पाठवायचा, असे सहा एकत्र. मी भांडून नको म्हटलं. मला माझा जुना लिहायचा एकटाच पुरे. मी भरलेले शब्द आहेत त्यात. आता तोही बिघडलाय. बुधवारपासून माझ्या शब्दांखाली लाल रेघा मारतोय. पोरांच्या नावांखालीसुद्धा."

म्हातारीचं रडगाणं, असं तेमिरच्या मनात आलं. साल्कीनने तेवढंच वाक्य वहीत उतरवून घेतलं.

केंद्रात पहिला भेटला भांडारपाल तोक्तोश. खुर्ची असो, आरसा असो, झाडांची कुंडी असो, ह्याने प्रत्येक वस्तूवर तेलरंगाने नंबर घातलेला. संगणकाच्या डब्यांवर तो बाजूच्या पत्र्याच्या झाकणावर होता. आकडे सुबक होते, याचा त्याला कोण अभिमान!

"रंगाने लिहिलं म्हणजे लिहिलं," तो म्हणाला. "नऊही डबे एकाच खरेदीतले, दिसायला सारखे. नंबर नसता तर ओळखायचे कसे? गुरुवारी मी झाकणावरचा नंबर वाचत गेलो, इलियास टाइप करत गेला."

त्याआधी अशी यादी कधी झाली नव्हती. तुम्ही सही का केलीत, असं साल्कीनने विचारल्यावर त्याने खांदे उडवले. सगळ्यांनी केली म्हणून, म्हणाला. तेमिरने तोंड फिरवलं.

संगणक सांभाळणारा इलियास वसंतात नोकरीला लागला होता. नऊही यंत्रांचा पासवर्ड एकच होता आणि तो भिंतीवर चिकटवलेला होता. कामाच्या फाइली मधल्या मोठ्या यंत्रात असायच्या, त्यामुळे कुणीही कुठेही बसून काम करू शके. त्याने यादीचा कागद पुढे केला. नऊ ओळी, नऊ वेळा 'ओर्दो संच'.

"ती बाई म्हणते संच नाही. यादी करणारं टूल म्हणतं, आहे. टूल कशाला खोटं बोलेल?"

"ही यादी घडी घातलेली आहे," साल्कीन म्हणाली. "पडद्यावर उलगडून दाखव. काय काय आहे आणि कधी बसवलं, वेगवेगळं."

"कशाला? लिहायचा प्रोग्राम दिसला की टूल आपोआप संचाचं नाव लावतं."

"म्हणूनच."

त्याने नाखुशीने बटण दाबलं. चौदा नंबरसकट आठ यंत्रांत सहा-सहा प्रोग्राम, प्रत्येक यंत्रात सहाही एकाच मिनिटाला बसवलेले. तीन नंबरात फक्त एक, लिहायचा, आणि तोही इतरांपेक्षा जुना. तीन नंबर उपसंचालक कुबात मामिरोवचा. बारा चाळीसला गेलेल्या पेपरशी याचा काय संबंध, ते तेमिरला कळेना.

कुबातच्या खोलीत अत्तराचा असा भपका होता की तेमिरचं डोकं भणभणलं. अंगठ्यावरची चिकटपट्टी सावरत कुबातने चॉकलेटची पेटी पुढे केली. भिंतीवर निकालाचा रंगीत गोल तक्ता लावला होता, खाली गेल्या सोमवारची तारीख.

"सुंदर आहे," साल्कीन म्हणाली.

"मीच केला, इथेच बसून," कुबात खुलला. "बुरुल एजेंचं फार वाईट वाटतं हो. मीच सगळ्यांना म्हटलं, कागद जरा सौम्य लिहा."

बुधवारी दोन ते चार वीज नव्हती. सगळे अंगणात माक्सिम, धान्याचं थंड आंबट पेय, पीत बसले होते, एजेसुद्धा. कुबात वरच थांबला होता. पेपरांवर कुणीतरी लक्ष ठेवायला नको का, असं तो म्हणाला. तेमिरने तोंडातलं चॉकलेट बाहेर येऊन कुंडीत थुंकलं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

चार वाजता साल्कीनने सगळ्यांना कुबातच्याच खोलीत बोलावलं.

"यादीने सांगितलं, नऊही ठिकाणी संच. ते चूक होतं," ती म्हणाली. "एक प्रोग्राम पाहून टूलने संचाचं नाव लावलं. उलगडल्यावर दिसलं, एका डब्यात जुना लिहायचा प्रोग्राम एकटाच आहे. तसा डबा ह्या केंद्रात एकाच माणसाचा होता. बुरुल एजेंचा. पण तो सापडला ह्या टेबलाखाली."

कुबात हसला. "माझ्याकडे पहिल्यापासून तेवढंच आहे."

"मग सोमवारी हा गोल तक्ता कशात काढलात? नुसत्या लिहायच्या प्रोग्रामात?"

कुबातने चिकटपट्टीचा अंगठा मुठीत मिटला.

"मंगळवारी पेपर तुमच्या डब्यातून गेला. बुधवारी बोभाटा झाला. नोंद पुसली असती तर संशय नऊ जणांवर राहिला असता. तुम्हाला फासात द्यायला एक मान हवी होती. वीज गेल्यावर तुम्ही दोन डबे बदललेत, आणि नंबर जागच्या जागी राहावेत म्हणून झाकणंही बदललीत. तोक्तोश रंगाकडे बघणार, डब्याकडे नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. पत्र्याच्या कडेने अंगठा मात्र कापला."

"हे सगळं तोंडी आहे," कुबात म्हणाला.

"एजे, तुम्ही कुठले शब्द भरले होते?"

बुरुल एजे इतका वेळ दाराशी उभ्या होत्या. "दरवर्षी शिष्यवृत्ती मिळालेल्या पोरांची नावं," त्या म्हणाल्या. "आडगावची नावं असतात, यंत्र त्यांना चूक म्हणतं. आयुष्यात पहिल्यांदा कुठे नाव छापून येणार, त्याच्याखाली लाल रेघ नको."

इलियासने आधी त्यांच्या टेबलावरच्या चौदा नंबरावर तीन नावं टाइप केली. कालिपा, ओमुरझाक, बेगिमाय. तिन्हींखाली लाल रेघा उमटल्या. मग तो कुबातच्या खुर्चीत बसला आणि तीच नावं टाइप केली. एकही रेघ आली नाही. कुणी न सांगताच त्याने एजेंना आणखी दहा नावं विचारली. हा डबा सगळ्यांना ओळखत होता.

ज्या पोरांचा पेपर ह्या माणसाने विकला, त्यांच्या आधीच्या पोरांची नावं दोन दिवस त्याच्या पायाशी होती. तेमिरने खिडकी उघडली. खोलीतलं अत्तर आता त्याला सहन होईना.

पोलीस पाच वाजता आलेच, पण कुबातसाठी. ते गेल्यावर तोक्तोशने डबा उचलून बुरुल एजेंच्या टेबलाखाली ठेवला, झाकण बदललं, आणि किटलीतला चहा वाटीत ओतून त्यांच्यापुढे धरला. सात जण ओळीने उभे होते. आम्हाला काय माहीत, आमच्या मनात तसं नव्हतं, असं प्रत्येक जण पुटपुटत होता. सकाळी सही करताना ह्यांतल्या कुणीच असं चाचरलं नसणार, असं तेमिरला वाटलं.

एजेंनी चहा घेतला नाही. त्यांनी भरलेल्या शब्दांची यादी उघडली. पोरांच्या नावांच्याही वर त्यांनी स्वतः भरलेली केंद्रातल्या माणसांची नावं होती. कुबात. तोक्तोश. वसंतात भर घातलेलं इलियासचं. एकेक नाव त्यांनी शांतपणे काढून टाकलं, आठही.

मग सह्यांचा कागद शेजारी ठेवून ती नावं त्यांनी एकाखाली एक टाइप केली. प्रत्येकाखाली लाल रेघ आली.

"आता बरोबर चालतंय," त्या तेमिरला म्हणाल्या आणि बूट घालायला उठल्या.