दगडाचं बारसं

रंग

"अहो, ते चाटू नका!"

आपीच्या टपरीत बसलेल्या त्या लांबोडक्या माणसानं जीभ आत घेतली… दगड मात्र खाली ठेवला नाही.

बाहेर गारा ताडताड कोसळत होत्या. सातुर्निना मावशीच्या टपरीवरचं प्लास्टिक वाजत होतं आणि डोंगरावरच्या खाणगावाचा, ल्याल्याग्वाचा, अर्धा बाजार त्याच्याखाली अंग चोरून उभा होता. जांभळ्या मक्याच्या गरम आपीची वाफ, ओल्या लोकरीचा वास, आणि मध्येच हा माणूस, दगड चाटणारा.

"ओला केल्याशिवाय रंग खुलत नाही," तो म्हणाला.

"मग आपीत बुडवा. खाणीतल्या दगडावर आर्सेनिक असतं. मेलात तर माझ्या मावशीच्या टपरीचं नाव जाईल."

"आणि माझं?"

"तुमचं नाव मला ठाऊकच नाही. त्यामुळे वाईट वाटायचं कारण नाही."

तो हसला. हसताना त्याचे कान लाल झाले… की थंडीनंच झाले असतील? देल्मीराला ठरवता येईना. खालच्या ऊबदार खोऱ्यातली माणसं वर आली की सगळी लालच होतात.

"रेनान ओरेयाना. कोचाबांबाहून आलोय. आमच्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांचं यंत्र आहे, दगडांची ओळख पटवायचं. उद्या इथल्या विद्यापीठात देल्मीरा कालिसाया म्हणून कुणी आहेत त्यांना भेटायचंय. फार तोऱ्याच्या आहेत म्हणे."

मावशीला एकदम ठसका लागला.

"कोण म्हणे?" देल्मीरानं विचारलं.

"सगळेच."

"खरं सांगतात."

तिनं त्याच्या हातातून दगड घेतला, शालीच्या टोकानं पुसला आणि उजेडाकडे धरला. गारा थांबल्यावर डोंगरावर जे आभाळ निघतं, अगदी त्या निळ्या रंगाचे बारीक स्फटिक.

"वॉक्साइट. लोखंड, ॲल्युमिनियम, फॉस्फेट आणि पाणी. आमचा डोंगर सोडून शोधायला गेलात तर बहुतेक हात हलवत परत याल."

"नाव मात्र परक्याचं."

"नाव लांबच्या कुणा संग्राहकाचं," देल्मीरानं मान ताठ केली. "दगड आमचा."

रेनाननं तिच्याकडे पाहिलं, मग मावशीकडे.

"ह्याच ना त्या?"

"ह्याच," मावशी म्हणाली. "आपी आणखी घेणार?"

कठीणपणा: तीन. तांब्याच्या नाण्यानं ओरखडा जातो.

विद्यापीठातल्या दगडांच्या खोलीत हीटर नव्हता. रेनान टोपी, मफलर, हातमोजे घालूनही कुडकुडत होता, आणि देल्मीरा बाह्या वर करून कप्पे उघडत होती.

"खोऱ्यातली माणसं," ती म्हणाली, "जेवायला पुढे आणि थंडीत मागे."

"जेवण नावाची गोष्ट आमच्याकडेच मिळते. इथे काय, वाळवलेले बटाटे."

"वाळवलेले बटाटे खाऊन आमच्या माणसांनी डोंगर पोखरला. तुम्ही काय पोखरलंत? डुक्कर?"

हे असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी तिनं शेवटचा कप्पा उघडला.

आत तळहाताएवढा दगड होता. खाली निळा वॉक्साइट आणि त्यावर उभा राहिलेला रंगहीन स्फटिकांचा झुबका, जणू कुणी पाणी काड्याकाड्यांनी गोठवलं होतं. तिच्या वडिलांनी, कासियानो कालिसायांनी, तो खाणीतून छातीशी धरून वर आणला होता. खाली लेबल. देल्मीराच्या अक्षरात: पॅरावॉक्साइट.

रेनाननं भिंग लावलं.

"मेटावॉक्साइट असेल," तो हळूच म्हणाला.

"नाही."

"पॅरा आणि मेटा, दोन्हींतही तेच लोखंड, तेवढंच पाणी. फक्त आतली मांडणी वेगळी. डोळ्यांनी—"

"डोळ्यांनीच. ह्या काड्या जाड आहेत, बसक्या आहेत. मेटाच्या सुया असतात."

"जाड मेटाही असतो."

"तुमच्या खोऱ्यात असेल!"

तिचा आवाज चढला, आणि का चढला ते तिनं मग सांगूनही टाकलं. एक पाहुणे प्राध्यापक इथे उभे राहून हसले होते. इथे बसून डोळ्यांनी पॅरा ओळखता, म्हणाले, वा! तेव्हापासून ती प्रत्येक तुकडीला हा दगड पॅरावॉक्साइट म्हणूनच शिकवत आली होती. कुणाला हातही लावू दिला नव्हता.

"यंत्रात घालायला एक कण लागेल," रेनान म्हणाला. "किनुआच्या दाण्याएवढा. नको असेल तर नको."

तिनं चिमटा त्याच्या हातात दिला नाही. स्वतःच्या हातानं, श्वास रोखून, एका काडीचं टोक मोडलं… आणि त्याच्या उघड्या तळव्यावर ठेवलं.

त्यानं तळवा मिटला. तिची बोटं थोडी उशिरा बाहेर आली.

चमक: काचेसारखी.

"देल्मीरा."

"काय?"

"काही नाही. भिंगातून बघत होतो."

"भिंग दगडावर ठेव मग."

"दगड काल पाहिला."

पाणी: आठ रेणू

कोचाबांबाहून त्याचा फोन आला तेव्हा ती बाजारात होती, कांद्याच्या ढिगापाशी.

"पॅरावॉक्साइट," तो म्हणाला. "तुझंच बरोबर होतं."

कांदे तिथेच टाकून देल्मीरा गावाबाहेरच्या राखाडी टेकाडावर चढली. खाणीतून निघालेल्या मातीचं ते टेकाड होतं. वर उभी राहून वाऱ्यात एवढ्या मोठ्यानं ओरडली, की खाली चरणाऱ्या लामांनी माना वर केल्या.

मग तो वरचेवर येऊ लागला. कधी कामासाठी, कधी कामाच्या नावाखाली. बसमधून उतरताना हातात आईनं केलेलं काहीबाही असायचं आणि देल्मीरा ते नाकं मुरडत सगळं संपवायची. टेकाडावर दोघं जवळ बसायची… वारा फार असतो ना तिथे, म्हणून.

पण तो काही विचारत नव्हता. ती तर विचारणारच नव्हती.

"मान एवढी ताठ ठेवलीस तर मुका घ्यायला शिडी लागेल त्याला," मावशी वैतागून म्हणाली. आणि मग मावशीनंच एक युक्ती काढली.

विद्यापीठात नवं काचेचं कपाट आलं होतं. त्याचा समारंभ व्हायचा होता. समारंभ म्हटला की पाद्रिनो आले, म्हणजे खर्च उचलणारे मानलेले धर्मपिता, प्रत्येक गोष्टीला एक. केकचा पाद्रिनो, पडद्याची पाद्रिना, बल्बचासुद्धा पाद्रिनो. कपाटात मधोमध बसणाऱ्या दगडाचा पाद्रिनो कोण?

"रेनान!" मावशी म्हणाली. "नाव त्यानंच पक्कं केलंय. आणि पाद्रिनो झाला की दर वर्षी यावंच लागेल. सुटका नाही."

देल्मीराला ते इतकं आवडलं, की तिनंही पुढचा विचार केला नाही.

बारसं

दगडाला बाळासारखं रंगीत शालीत गुंडाळलं. शाल देल्मीराच्या पाठीला बांधली, कारण आई तीच. मुलं टाळ्या वाजवत होती. समारंभाच्या कोटात रेनान इतका देखणा दिसत होता, की तिनं मुद्दाम खिडकीबाहेर पाहिलं. तिच्या वडिलांनी जमिनीवर दारू शिंपडली, आधी धरणीला, मग डोंगराला. रेनाननं दगडावर कागदाच्या रंगीत चकत्या उधळल्या आणि ठरलेलं नाव सांगितलं. सांगताना त्याचा आवाज जरा बसला होता.

"पॅरावॉक्साइट."

"झालं!" कासियानो गरजले. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी देल्मीराचा हात घेतला, रेनानचा घेतला, एकात एक दिले. "आजपासून तुम्ही कोंपाद्रे आणि कोमाद्रे. बहीणभावापेक्षा जवळचे. एकमेकांना मान द्या."

टाळ्या पडल्या. मावशीच्या हातातला केक कलला.

बाळाची आई आणि बाळाचा पाद्रिनो! अशा नात्यात लग्न तर सोडाच, एकमेकांना तू म्हणायचीसुद्धा सोय राहिली नाही. ल्याल्याग्वात लहान पोरालाही हे माहीत असतं. फक्त त्या दोघी, मावशी आणि भाची, जुळवाजुळवीच्या भरात विसरल्या होत्या.

"दगडच आहे तो, कासियानो," मावशी संध्याकाळी म्हणाली. "दगडाचं कसलं आलंय कोंपाद्रेपण?"

"ज्या दगडानं तुला, मला, हिला खाऊ घातलं, तो दगड?" कासियानो म्हणाले. "दारू धरणीनं प्यायली. आता मागे घेता येत नाही."

देल्मीराला वडिलांवर रागावता आलं नाही. कारण तिलाही तसंच वाटत होतं.

फूट: एका दिशेनं स्वच्छ

"कसे आहात, कोंपाद्रे?"

"देल्मीरा, नको ना."

"प्रवास बरा झाला, कोंपाद्रे?"

टेकाडावर दोघांच्यात एक माणूस बसेल एवढं अंतर होतं. रेनान खाली मान घालून माती उकरत होता. तिला त्याची बोटं धरावीशी वाटली. तिनं शाल घट्ट धरली.

"तुमच्या आईनं काही दिलं नाही ह्या वेळी, कोंपाद्रे?"

"मी खोटं बोललो," तो म्हणाला.

"काय?"

"तो मेटावॉक्साइट आहे. पहिल्या दिवशीच कळलं होतं. यंत्रानं स्पष्ट सांगितलं, दोनदा तपासलं. फोन हातात घेतला तेव्हा तेच सांगणार होतो… पण तू हॅलो म्हणालीस. आणि मला तो हसणारा प्राध्यापक आठवला. वाटलं, मीपण त्याच्यासारखाच…" तो थांबला. "पुढे पाद्रिनो केलंत. पाद्रिनोनं बाळाला काय द्यायचं? आईच्या मनातलं नाव. असं मी स्वतःला समजावलं."

वारा एकसारखा वाहत होता. देल्मीरा उठून उभी राहिली.

"माझी दया आली तुला?"

तू! कधी तोंडातून गेलं तिला कळलंही नाही.

"दया नाही—"

"मग काय? त्या प्राध्यापकानं मला हसून घालवलं. तू गोंजारून घालवलंस. तो निदान तोंडावर हसला! मी चुकले तर चुकले म्हणायची माझ्यात ताकद नाही असं वाटलं तुला? सगळ्या जगातून शोधत येतात लोक ह्या डोंगराचा दगड, आणि तू लाडानं दिलेलं खोटं नाव मी त्याला लावू?"

"मी तुझ्यावर प्रेम करतो, म्हणून—"

"प्रेम कर!" ती ओरडली. "खुशाल कर! पण दगडाच्या बाबतीत माझ्याशी खोटं बोलायचं नाही!"

खालच्या लामांनी पुन्हा माना वर केल्या.

रेनानचं माती उकरणं थांबलं. आपण नक्की काय बोललो, ते देल्मीराच्या हळूहळू लक्षात आलं. तिचे कान तापले… थंडीनं नव्हे. पण ती मागे हटली नाही.

"सोमवारी माझ्या वर्गात यायचं," ती म्हणाली. "यंत्रानं काढलेला आलेख घेऊन. सगळ्यांसमोर."

"येईन."

"आणि हे मी तुझ्यासाठी करत नाहीये. उद्या तुझं तोंडही पाहायचं नसतं, तरी केलं असतं."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच नीट हसला. "म्हणून तर."

रेघ: पांढरी. दोन्हींची सारखीच.

वर्ग

खोली गच्च भरली होती. मागे कासियानो खाणीच्या हेल्मेटसकट उभे होते, शेजारी मावशी. फळ्याजवळ रेनान, हातात आलेख.

देल्मीरानं कपाट उघडून दगड टेबलावर ठेवला.

"हा दगड मी तुम्हाला चुकीचा शिकवला," ती म्हणाली. "काड्या जाड दिसल्या म्हणून मी पॅरा म्हटलं. हा मेटावॉक्साइट आहे. पाणी तेवढंच, लोखंड तेवढंच, मांडणी वेगळी. ती डोळ्यांना दिसत नाही. मला दिसते असं मी समजत होते."

मग ती बाजूला झाली. रेनाननं आलेखातली शिखरं एकेक करून दाखवली. आणि शेवटी, कुणी न विचारता, म्हणाला, "हे मला आधीपासून माहीत होतं. मी लपवलं. चूक बाईंची नाही, माझी आहे."

"नाव ठेवण्याची चूक माझी," देल्मीरा म्हणाली. "लपवण्याची तुमची. आपापली घ्या."

कुणीतरी पुढच्या बाकावर हसलं. तिनं जुनं लेबल काढलं आणि सगळ्यांसमोर, ठळक अक्षरात, नवं लिहिलं. लिहून झाल्यावर तिला विचित्र वाटलं. लाज वाटेल असं वाटलं होतं. पण दगड आता जास्त आपला वाटत होता.

"थांबा जरा," मागून कासियानोंचा आवाज आला. कपाळावर आठ्या होत्या. "मग त्या दिवशी आपण नाव कुणाला ठेवलं?"

सगळ्या माना मागे वळल्या.

"पॅरावॉक्साइटला, बाबा."

"तो होता तिथे?"

"नव्हता."

"म्हणजे जो नव्हताच त्याचं बारसं केलं आपण." कासियानो सावकाश बोलत होते. खाणीत छताला आधार द्यायचा लाकडी खांब ठोकून पाहावा, तसे शब्द ठोकून पाहत होते. "बाळच नाही, तर पाद्रिनो कुठला?"

"आणि पाद्रिनो नाही तर कोंपाद्रे कुठला!" मावशी किंचाळली. तिनं शेजारच्या मुलाला मिठीच मारली.

कासियानोंनी हेल्मेट काढून डोकं खाजवलं. धरणीला पाजलेली दारू फुकट गेली याचं त्यांना थोडं वाईट वाटत होतं, ते दिसलं. मग खांदे उडवून त्यांनी कोटाच्या खिशातून छोटी बाटली काढली.

"तर मग ह्याचं बारसं व्हायचंच आहे अजून. खऱ्या नावानं. पाद्रिनो कोण?"

सगळा वर्ग रेनानकडे वळला. रेनान दोन पावलं मागे सरकला, फळ्याला आपटला.

"मी नाही! काका, मी अजिबात नाही!"

हशा पिकला. देल्मीरा हसली नाही. तिनं रेनानच्या बाहीवरचा खडू झटकला, आणि मग हात तिथेच राहू दिला… वडिलांसमोर, मावशीसमोर, साऱ्या वर्गासमोर. मान नेहमीसारखीच ताठ होती.

"दुसरा कुणी बघा, बाबा," ती म्हणाली. "हा माझ्या कामाचा आहे."