बरणीतला नर कुठे गेला?

इनेझचा ठोसा डिलनच्या तोंडावर असा बसला, की त्याच्या बनियनवर रक्ताची धार लागली. डिलन कसला ऐकतोय! त्याने तिची वेणी धरून तिला अंगणात लोळवलं.

"नर तूच सोडलास," इनेझ धापा टाकत म्हणाली.

"मी बरणीला हातसुद्धा लावला नाही."

आर्याने दोघांना कसंबसं ओढून वेगळं केलं. दिवाळीच्या सुट्टीत ती उमेळे गावी वसुंधरामावशीकडे आली होती, आणि मावशी किड्यांची अभ्यासक. तिघांनी बाभळीच्या रानात धरलेला लांब मिशांचा नाकतोडा पाहून मावशी हरखलीच होती. "हा ओळखीच्या कुठल्याच जातीत बसत नाही. पण नर जपा. त्याच्या शेपटाकडचे हुकासारखे आकडे आणि पंखावरची गाण्याची करवत पाहूनच जात ठरते. नर नाही, तर नाव नाही." आणि आज बरणीत होती फक्त मादी. नराला सोबत हवी म्हणून इनेझनेच ती काल आत टाकली होती.

आर्याने बरणी उन्हात धरली. तळाशी एक पाय आणि पंखाच्या चिंध्या होत्या. मादीचा जबडा अजून चालूच होता.

"हिने खाल्लं त्याला," आर्या म्हणाली.

इनेझला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डिलनचं रक्त अजून थांबलं नव्हतं.

तेवढ्यात रानाकडून जेसीबीची घरघर आली. तिथे इमारत उठणार होती. तिघं धावले, तर मुकादम कल्पेशने झुडपं पेटवलेलीच.

"काका, थोडा वेळ थांबा. आम्हाला एक नाकतोडा हवाय," डिलन पुढे होत म्हणाला.

"चला, निघा." कल्पेशने काठी उगारली, आणि ती डिलनच्या पाठीत सपकन बसली. डिलन कोसळला, पण त्याने कल्पेशचे पाय घट्ट धरले.

"इनेझ, तू जा!"

दुसरी काठी बसली. आर्याने मोबाइल वर धरला. "मारा काका. तुमचा चेहरा छान येतोय." कल्पेशचा हात हवेतच राहिला. जेसीबीवाल्याने घाबरून इंजिन बंद केलं.

इनेझ धुरात शिरली. काट्यांनी तिचे दंड ओरबाडले. एका झुडपाच्या शेंड्यावर करकरणारा नर तिने मुठीत धरला, तसा तो तिच्या अंगठ्याला कडकडून चावला. रक्त आलं, पण तिने मूठ सोडली नाही.

गावकऱ्यांनी आग विझवली आणि कल्पेशला पोलिसांच्या हवाली केलं. मावशीने पुढे महिनाभर संग्रहालयातले नमुने ताडून पाहिले. मग ती डिलनच्या ओट्यावर येऊन बसली.

"नवीन जात आहे. शाब्बास रे पोरांनो! इनेझ, तुझं नाव देऊ हिला?"

"नाव मागाहून बदलता येतं?"

"छे. एकदा छापलं की कायमचं."

"मग डिलनचं द्या," इनेझ म्हणाली. "मी त्याला उगाच मारलं."

 डिलन थोडा सरकला आणि ओट्यावर तिला जागा करून दिली.