क्ष शून्य असला तर

तैवानमधल्या शिन्चू शहरात वारा इतका की छत्री फक्त नवखेच विकत घेतात. खिडक्या घट्ट लावून प्राध्यापक त्साओ यी-च्येन बीजगणिताचे पेपर संगणकावर तपासत होते. ही नवी सोय त्यांच्या अगदी मनासारखी होती. एकसारखी उत्तरं यंत्र स्वतःच एकत्र लावायचं. एकाचे गुण कापले की तसंच उत्तर लिहिलेल्या सगळ्यांचे कापले जायचे. गुण कापण्यात त्साओंचा हात मुळातच मोकळा.

"सर, एक पेपर जास्त आहे," त्यांची सहायक पेंग रू-आन म्हणाली. "नाव नाही, क्रमांक नाही."

"कोणीतरी दोनदा चढवला असेल."

"अक्षर वर्गातल्या कोणाचंच नाही."

यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून तिथे सगळेच मक्याच्या खाऊचा हिरवा पुडा संगणकावर ठेवतात. तिने तो उलटून पाहिला. "मुदत संपलीय. रुसणारच ते."

त्साओ हसले. तिसऱ्या प्रश्नात त्या निनावी पोराने आणि आणखी बऱ्याच जणांनी 'क्ष शून्य असला तर' असा वेगळा विचार केला होता. 'अनावश्यक' असा शेरा मारून त्यांनी सगळ्यांचे दोन-दोन गुण उडवले.

दुपारी निनावीचा फेरतपासणीचा अर्ज आला. "सर, पण क्ष शून्य असला तर?"

त्साओंनी लिहिलं, "नसतो."

"का नसतो?"

"उघड आहे."

"प्रश्न पुन्हा वाचा, सर. मी थांबतो."

त्साओंचे कान लाल झाले. त्यांनी पेपर काढून टाकला. तो परत आला, आणि यादीत सगळ्यात वर जाऊन बसला.

त्यांनी संगणक विभागाला फोन लावला. तिकडच्या माणसाने सावकाश तपासून सांगितलं, "असा पेपर तुमच्या वर्गात नाहीच, सर. अर्जही नाही. तुमची उत्तरं तेवढी दिसतात."

"म्हणजे मी कोणाशी भांडतोय?"

"ते मी कसं सांगणार?" म्हणून त्याने घाईने फोन ठेवला.

पेंगने चहाचा कप बाजूला ठेवला. "सर, रागावू नका. नमुना उत्तरात आपण दोन्ही बाजूंना क्षने भागलंय. तो शून्य असू शकतो."

"तुला कधी कळलं?"

"परवा. तुमचा मूड बरा नव्हता."

त्साओंनी तिसरा प्रश्न पुन्हा उघडला.

"ल्याव पेई-चुन दोन गुणांनी नापास होतेय," पेंग हळूच म्हणाली. "दुसऱ्यांदा. आता विद्यापीठ सोडावं लागेल तिला."

त्साओंनी सगळ्यांचे गुण परत केले. मग अर्जाखाली, एकेक अक्षर जड होत असल्यासारखं लिहिलं, "चूक माझी होती."

लगेच उत्तर आलं. "आभारी आहे, सर. उद्यापासून वर्गाला येतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गासमोर चूक कबूल केली. कोणीतरी मागून टाळी वाजवली आणि घाबरून थांबवली. त्साओ फळ्याकडे वळले.

मागे दार हलकेच लागलं.

"उशीर झाला," सवयीने ते म्हणाले आणि वळले.

कोणी नव्हतं.

पहिल्या रांगेत पेई-चुनने वहीतून डोकं न काढता शेजारच्या खुर्चीला अडकवलेली पिशवी उचलली. कोणाला वाट द्यावी तसे गुडघे बाजूला घेतले.

शेजारच्या रिकाम्या खुर्चीची दुमडलेली बैठक सावकाश खाली गेली.