हवेतला निरोप

मी तुलबीरला जाऊ दिलं नाही. जमिनीपासून सातशे मीटर उंचीवर, एक नवरा, एक नवरी आणि दोन घारींच्या साक्षीनं मी त्याला थांबवलं.

तर, असं काहीही घडलेलं नाही. आमच्या पॅराग्लायडिंग कंपनीच्या नोंदवहीत त्या तारखेपुढे स्वच्छ लिहिलंय – 'वारा नैऋत्येचा, मंद. दोन्ही ग्लायडर सुखरूप उतरले. विशेष काही नाही.' खाली माझी सही आहे. स्वतःची सही असलेल्या कागदाशी मी वाद घालत नाही. तेव्हा जे घडलंच नाही, ते आता पहिल्यापासून सांगते.

सव्वादोन वर्षांपूर्वी, मंसिर महिन्यात, म्हणजे मार्गशीर्षात, तुलबीर पुन नावाचा माणूस आमच्या नाचणीत पडला.

मी आणि आमा – माझी आई – कापणी करत होतो. डोक्यावरून सावली सरकली, कापड फडफडलं, आणि उभ्या पिकात एक जांभळा ग्लायडर, त्याचा वैमानिक आणि वैमानिकाच्या पुढ्यात बांधलेला एक उंच डच म्हातारा असं सगळं एकदम येऊन बसलं. आमा विळा घेऊन उभी राहिली.

"वारा पडला, आमा," वैमानिक म्हणाला.

"वारा पडलेला मला नाही दिसला. तू पडलेला दिसतोयस."

शिक्षा म्हणून तिनं दोघांना ऊन उतरेपर्यंत नाचणी कापायला लावली. डच म्हाताऱ्याला वाटलं, हे तिकिटातच आहे. त्यानं जाताना कंपनीला पाच तारे दिले आणि एक पेंढी मागून घेतली.

"उतरायचं मैदान खाली तळ्याकाठी आहे. माहितीय ना?" मी वैमानिकाला विचारलं.

"माहितीय," तो विळ्याकडे बघत म्हणाला, "पण तिथे तुम्ही नव्हता ना…"

मी लाजले नाही. मी फक्त पेंढी बांधली. तीच पेंढी तीनदा बांधली. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून घाईघाईनं म्हणाले, "बरं, दाइ."

दाइ! म्हणजे दादा! आमच्या नेपाळात, पोखऱ्यात तसा प्रत्येक पुरुष दाइच असतो – बसवाला, भाजीवाला, पोलीससुद्धा. पण ज्याला म्हणायचं नसतं त्याला चुकून एकदा म्हटलं, की ते तोंडातून निघता निघत नाही. मला दोन हंगाम लागले.

त्या दोन हंगामांत मला माणसं घेऊन उडायचा परवाना मिळाला, आणि मी तुलबीरच्याच कंपनीत लागले. हा योगायोग होता. पोखऱ्यात कंपन्या साठेक आहेत, अर्ज मी एकाच ठिकाणी केला, एवढाच काय तो योगायोग.

तिथे आम्हाला 'जोडी-उड्डाण' मिळालं. सारंगकोटच्या माथ्यावर नवं जोडपं येतं. नवरी माझ्या पुढ्यात बांधायची, नवरा तुलबीरच्या. दोन ग्लायडर शेजारी शेजारी उडवायचे, मागे अन्नपूर्णेची हिमशिखरांची रांग, आणि जोडप्यानं लांबूनच एकमेकांना हात करायचे. त्यांचं प्रेम तीस मीटरवरून, आणि आमचं काम पाठीमागून.

मी स्वभावानं घाबरट आहे. प्रत्येक बकल चारदा ओढून बघते. वारा बरा असला की मला शंका येते, आणि शंका आली नाही की जास्तच शंका येते. तुलबीर हसायचा. "तुझ्या पुढ्यात बसलेल्या माणसाला मरायचं असलं तरी मरता येणार नाही," म्हणायचा. मग स्वतःचं बकल माझ्यापुढे करायचा – "हेही ओढ एकदा." मी ओढायचे… नीट बसलेलं असायचं. तरी ओढायचे.

आणि या चैतात, असंच बकल ओढताना, तो म्हणाला, "शनिवारी विमान आहे."

"कुणाचं?"

"माझं. कोरियाचं. मिरच्या."

"मिरच्या?"

"प्लास्टिकच्या घरात लावतात. सहा एकर…" त्यानं सवयीनं वर आभाळाकडे पाहिलं. "वर छप्पर. चार वर्षं दहा महिने."

तिथल्या नोकरीचा फॉर्म त्याच्या थोरल्या भावानं भरला होता. कोरियन भाषेची परीक्षा यानं दिली, नापास होईन या भरवशावर. झाला पास. घरात मिठाई वाटली गेली. आणि मिठाई वाटून झाल्यावर नाही कसं म्हणायचं, हे त्यांच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"छान," मी म्हणाले. त्याच्याहून वाईट शब्द मला आजवर सापडलेला नाही.

पुढचे पाच दिवस मी एकच वाक्य पाठ करत होते. 'जाऊ नको.' दोन शब्द. ते म्हटल्यावर त्यानं 'का?' विचारलं तर काय सांगायचं, इथे गाडी अडत होती. आणि समजा राहिला… आणि पाच वर्षांनी एखाद्या दिवशी जेवताना म्हणाला, 'तुझ्यामुळे राहिलो' – तर? मग मी ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून पाठ करायला घ्यायचे.

शुक्रवार उजाडला. त्याची शेवटची फेरी.

जोडपं बुटवलचं होतं. भोजराजजी आणि सृजना, लग्नाला चार दिवस. मधुचंद्राला मुलाची आई आणि दोन मामी सोबत आल्या होत्या. त्या खाली मैदानात सतरंजी टाकून, वर बघत बसल्या होत्या.

भोजराजजींनी तुलबीरला बाजूला घेतलं. "मला हिच्याशी थोडं बोलायचंय," ते घाम पुसत म्हणाले. "चार दिवस जमलं नाही. जमिनीवर आई असते."

"वर तीस मीटर अंतर असतं," तुलबीर म्हणाला. "ओरडलात तर तेवढं मामींनाच ऐकू जाईल."

"मग?"

"मला सांगा. मी रेडिओवर मनसराला सांगतो, ती वहिनींना सांगेल."

मनसरा म्हणजे मी. इथे आमचा एक नियम सांगायला हवा. रेडिओवर जे कानावर पडेल ते शब्दशः परत म्हणायचं आणि पुढे 'ऐकलं' म्हणायचं. कुणी 'वारा डावीकडून' म्हटलं की आपण म्हणायचं, 'वारा डावीकडून, ऐकलं.' परत म्हटलं नाही, तर ऐकलंच नाही असं समजतात. हे इतकं अंगात मुरतं की आमाही कधीमधी म्हणते, 'मीठ आण,' आणि मी म्हणते, 'मीठ आण, ऐकलं.'

"पळा! पळत राहा… बसू नका, बसू नका!" मी सृजनाला ओरडले, आणि पायांखालचा डोंगर संपला.

गरम हवेचा झोत चांगला होता. दोन घारी शेजारी आल्या. उत्तरेला मात्र ढग काळे व्हायला लागले होते. माथ्यावरून आमचे मुख्य, रुद्रमान दाइ, रेडिओवर म्हणाले, "वीस मिनिटांत सगळे खाली. ढग दाटतायत."

"वीस मिनिटांत सगळे खाली, ऐकलं," आम्ही चौदा वैमानिक एकामागून एक म्हणालो.

मग तुलबीरचा आवाज. "मनसरा, निरोप. 'काल नेसलेली साडी छान होती.'"

"काल नेसलेली साडी छान होती. ऐकलं." मी पुढे वाकून सृजनाला सांगितलं.

"काल मी कुर्ता घातला होता," सृजना म्हणाली.

मी तेही कळवलं.

"'कुर्ता छान होता.'"

"कुर्ता छान होता. ऐकलं."

"'लग्न झाल्यापासून मला भूक लागत नाही.'"

"आत्ता वर येताना चार सेल रोट्या खाल्ल्या यांनी," सृजना म्हणाली. पण तिचे कान लाल झाले होते. हेल्मेटच्या कडेतून मला दिसत होते.

मग बराच वेळ काहीच आलं नाही. नुसता वारा. तुलबीरचा जांभळा ग्लायडर आमच्या थोडा वर, थोडा पुढे. मी दोरीवरचे हात तपासले. ढग तपासले. परत हात तपासले. दहा मिनिटं उरली होती. उद्या या वेळेला मी कुणाचं बकल ओढणार होते…

रेडिओ खरखरला.

"उद्या जाऊ नको म्हण ना मला. एकदाच. मी थांबेन."

"उद्या जाऊ नको म्हण ना मला. एकदाच. मी थांबेन. ऐकलं," मी म्हणाले, आणि पुढे वाकून सृजनाला शब्दन् शब्द सांगून टाकलं.

सृजना ताठ झाली. "उद्या? उद्या कुठे चाललेत हे? चार दिवस झालेत लग्नाला!"

"वहिनी विचारतायत," मी बटण दाबून म्हणाले, "उद्या कुठे चाललात? चार दिवस झालेत लग्नाला."

पलीकडे धडपड ऐकू आली. तुलबीरनं रेडिओ काढून त्यांच्या हातात दिला असावा, कारण भोजराजजी स्वतःच ओरडले, "मी कुठेही जात नाही! आईची शपथ! मी बुटवल सोडून पहिल्यांदा इथे आलोय!"

"कोण कुठे जातंय?" रुद्रमान दाइ माथ्यावरून म्हणाले. "यादी माझ्याकडे आहे. जाणारं कुणी नाही."

सृजना हळूच म्हणाली, "दिदी… हा निरोप माझा नाही वाटतं."

मी पुन्हा दोरीवरचे हात तपासले.

"दिदी."

"हं?"

"समोर डोंगर येतोय."

मी ग्लायडर वळवला. हात गार पडले होते. चौदाच्या चौदा वैमानिक त्या चॅनेलवर होते, आणि एरवी एकमेकांच्या जेवणाच्या डब्यावरही बोलणारी ही माणसं, त्यांतला एकजणही साधा खोकला नाही.

भीती तीच होती. पाच वर्षांनंतरचं ते जेवण. पण मला एकदम दिसलं, की ते जेवण व्हायलासुद्धा तो इथे असायला हवा.

मी बटण दाबलं. "जाऊ नको."

वारा. खरखर. काही नाही.

परत म्हटलं नाही, तर ऐकलंच नाही असं समजतात. मी पुन्हा दाबलं. "तुलबीर, निरोप. जाऊ नको. का ते मला नीट सांगता येणार नाही. पण जाऊ नको…"

मग भोजराजजींचा आवाज आला, अत्यंत जबाबदारीनं.

"जाऊ नको. का ते मला नीट सांगता येणार नाही. पण जाऊ नको. ऐकलं. दिदी, ते रडतायत. रेडिओ माझ्याकडेच आहे, त्यांना परत देऊ का?"

"द्या!" सृजना माझ्या पुढ्यातून इतकी जोरात ओरडली की रेडिओची गरज पडली नाही.

पुन्हा धडपड. आणि मग तो – नाक ओढत, पण शब्दशः – "जाऊ नको. ऐकलं."

"चॅनेल मोकळा करा," रुद्रमान दाइंचा आवाज बसला होता. "सगळे खाली. आणि कोरियाला कोण कळवणार ते जमिनीवर ठरवा."

आम्ही उतरलो. भोजराजजींच्या आई सतरंजीवरून उठून सुनेला विचारत होत्या, "काय गं, कोण ओरडलं वर?" आणि सृजना सगळ्यांच्या देखत भोजराजजींचं बकल सोडवत होती. तिला ते येत नव्हतं, आणि दोघांनाही अजिबात घाई नव्हती.

तुलबीर माझ्यासमोर येऊन उभा राहिला. डोळे सुजलेले.

"वर दोन्ही हात अडकलेले होते, म्हणून बोलता आलं," तो म्हणाला.

"आणि दोन वर्षं खाली मोकळे होते तेव्हा?"

"मोकळे असले की त्यांचं काय करायचं ते मला कळत नाही." आणि खरंच, ते तसेच दोन्ही बाजूंना लोंबत होते, कुणीतरी विसरून गेलेल्या सामानासारखे. म्हणून मी ते घेतले. माझे अजून गारच होते.

"घरी काय सांगू?" त्यानं विचारलं. "मला भीती वाटते."

"मलाही वाटते. मी येते."

"मग काय होईल?"

"घाबरलेली दोन माणसं होतील."

शनिवारी विमान गेलं. त्यातल्या एका खिडकीशी कुणी नव्हतं. थोरला भाऊ अकरा दिवस आमच्याशी बोलला नाही. बाराव्या दिवशी त्यानं माझ्यासाठीही कोरियाचा फॉर्म आणला, दोघं जा म्हणाला. आम्ही दोघांनी मिळून, घाबरत घाबरत, नाही म्हटलं.

आता लोक म्हणतात, तुमचं बरंय, रोज जोडीनं उडता. उडतो. मध्ये तीस मीटर हवा असते, आणि प्रत्येकाच्या पुढ्यात एक अनोळखी माणूस. एकानं दुसऱ्याला प्रवासी म्हणून घेतलं, तरी मागचा कामावरच असतो. म्हणून काल मी पुढील अर्ज केला आहे. नक्कल सोबत जोडते.

प्रति, मा. सचिव, उड्डाण परवाना शाखा.
विषय : एका ग्लायडरवर दोन प्रवासी नेण्यास मंजुरी मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अर्जदार मनसरा गुरुङ व तुलबीर पुन हे दोघेही परवानाधारक वैमानिक असल्यामुळे त्यांना आजतागायत एकत्र, निवांत व बिनकामाचे उडता आलेले नाही. सबब, उभयतांना एकाच ग्लायडरवर, दोघांनाही प्रवासी म्हणून, एक वेळ उडण्याची परवानगी देण्यात यावी; तसेच त्या दिवसापुरते नमुन्यातील 'वैमानिकाचे नाव' या रकान्यात 'वारा' असे लिहिण्यास मान्यता मिळावी, ही नम्र विनंती.