पाखरूवर राहिलेली माणसं

सणसरहून बारामतीला जायचं काम साधं होतं. पोराचं पत्र आलंय का एवढं बघायचं आणि दुपारच्या एसटीनं परत यायचं. नव्याण्णव साल होतं. थंडी पडली होती. कारखान्याचा हंगाम चालू होता आणि रस्त्याला उसाच्या गाड्या लागल्या होत्या.

पत्र म्हणजे कागदाचं नव्हे. आमचा मल्हार मालवाहू जहाजावर, इंजिनात कामाला. आज एका बंदरात, उद्या दुसऱ्या. त्याला कागद कुठं धाडणार? जाताना त्यानं बारामतीत भिगवण रोडला स्वरूपाच्या इंटरनेटच्या दुकानात दोन पत्ते काढून ठेवले. एक त्याचा, एक आमचा. पुण्याच्या काही जणांनी ‘पाखरू’ नावाची फुकट ईमेलची सोय काढली होती, तिच्यावर. जहाज बंदराला लागलं की तो लिहायचा. भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी. स्वरूपा वाचून दाखवायची. मी म्हस्कू, चौथी शिकलेला माणूस. पण पोराचं पत्र मी कधी उभ्यानं ऐकलं नाही. टोपी सारखी करून, खुर्चीवर बसून ऐकायचो.

उन्हाळा संपल्यापासून पत्र नव्हतं. शेजारी हिंदुरावांच्या फोनचा नंबर बदलला होता. नवा नंबर त्याला कळवला, पण तो त्याला पोचला का, हे कळायला मार्ग नव्हता. कंपनीचं मुंबईचं ऑफिस फोन उचलत नव्हतं. सिंधुबाई, म्हणजे माझी मंडळी, दर खेपेला माझ्याबरोबर यायची. यायची गरज नव्हती. तरी यायची.

स्वरूपा तीन लेकरांची आई. दुकान एकटी चालवायची. तोंडानं फटकळ, पण आमचं काम आधी करायची. त्या दिवशी तिनं मशीन लावलं. फोनच्या तारेतून नेहमीचा आवाज आला, आधी किंचाळल्यासारखा, मग नुसती खरखर.

“आबा, दादाचं काय न्हाय,” ती म्हणाली. “पण दुसरं आलंय. पाखरू बंद होणार हाय. महिनाअखेरीला.”

“बंद म्हंजी?”

“चालवणाऱ्यांना झेपंना. तुमचा नवा पत्ता मी दुसरीकडं काढून देते. दादाला बी तसं लिहिते. पण त्यानं बंद व्हायच्या आत पाखरू उघडून बघितलं पायजे.”

“आन न्हाय बघितलं तर?”

सिंधुबाई म्हणाली, “घरचा पत्ता ठावं हाय की त्याला. कागद टाकंल.”

“टाकायचा असता तर आत्तापतूर टाकला असता,” मी म्हणालो. तिनं पदर तोंडाला लावला.

मग मी स्वरूपाला विचारलं, “ज्यांनी उघडून बघितलंच न्हाय, त्यांचं काय करत्यात?”

“तितंच ऱ्हात्यात. मग सगळंच पुसून टाकत्यात. लई जणं असत्यात आबा. नाव घालून गेलेली, इसरलेली. काही तर मेलेली बी असतील. माणूस मेलं म्हणून पाखरूला कोण कळवतंय?” असं म्हणून ती हसली.

मला हसू आलं नाही. कारण आमच्यात हे हसण्यावारी नेत नाहीत.

माझ्या बापाच्या काळापर्यंत आमच्याकडं मेंढरं होती. पाऊस सरला की कोकणात उतरायचं, उन्हाळ्यात परत. एका रानातला तळ उठला की घोड्यावर बिऱ्हाड चढायचं, चूल विझवायची, सगळे पुढं निघायचे. सगळ्यात वडील माणूस मात्र मागं थांबायचा. मोकळ्या जागेकडं तोंड करून एकेकाचं नाव घ्यायचा. “अमक्या, चल. तळ उठला.” ज्याचं नाव, त्यानं ओ द्यायची. त्या तळावर कुणी दगावलं असेल तर त्याचंही नाव घ्यायचं. ओ येत नसते, पण नाव घ्यायचं. नाहीतर माणूस तिथंच राहतं.

आणि हाक नावानंच मारायची. ‘चला समदी’ असं कधी म्हणायचं नाही. त्या जागी आधीची कोण कोण राहिलेली असतात, ते आपल्याला माहीत नसतं. माझी चुलती, नकोशी तिचं नाव, नवी नवरी असताना घाटाखालच्या तळावर तसं बोलून गेली. त्या सांजेपासून भाकरी पुरेना. किती थापल्या तरी टोपली रिकामी. कुत्री विस्तवाजवळ येईनात. शेवटी आजा एकटा त्या तळावर माघारी गेला आणि मागं लागून आलेल्यांना तिथं सोडून आला. तेव्हा भाकरी पुरली.

महिनाअखेरीला आम्ही पुन्हा बारामतीला गेलो. मल्हारचं काही नव्हतं. आमच्या पत्राला उत्तरही नव्हतं. दुपार कलली होती. लाईट गेली होती, दुकानात अंधार होता, नुसता पडद्याचा निळा उजेड. बॅटरी मधून मधून टीं टीं करत होती.

“बॅटरी संपायच्या आत काय ते सांगा आबा,” स्वरूपा म्हणाली.

मी उभा राहिलो. टोपी काढली. “लिही. मल्हार, म्हस्कूचा ल्योक. तळ उठलाय. मागं ऱ्हाऊ नगंस. घरी चल.”

ती लिहीत होती आणि मी तेच मोठ्यानं म्हणत होतो. तशी रीत आहे. सिंधुबाई पडद्यासमोर गेली. तिनं काचेला हात लावला. तिला वाटलं असावं, पोरगं आत कुठंतरी आहे.

“लिही गं बाई,” ती रडत म्हणाली, “एकलं कसं यील माझं लेकरू एवढ्या लांबनं... कुणीबी असूद्या. ऱ्हायलेली समदी या. समदी घरी या...”

“ए, गप!” मी ओरडलो.

पण स्वरूपाची बोटं पटकन चालायची. तिनं ते लिहिलं होतं आणि धाडलंही होतं. बॅटरी संपली. पडदा काळा झाला.

एसटीत मी सिंधुबाईशी बोललो नाही. फाट्यावर उतरल्यावर तिनं विचारलं, “काय वाईट बोलले मी?” तिच्या माहेरची मेंढरं ती जन्मायच्या आधीच गेली होती. तिला कोण सांगणार होतं?

पुढच्या आठवड्यात हिंदुराव बारामतीहून निरोप घेऊन आले. स्वरूपानं तातडीनं बोलावलं होतं. दोघंही गेलो. ती दुकानाबाहेर उन्हात उभी होती.

“आत चला,” ती म्हणाली. “मी एकटी न्हाय जात.”

नव्या पत्त्यावर पत्रं आली होती. खाली खाली, संपतच नव्हती.

“मल्हारचं हाय का?” सिंधुबाईनं विचारलं.

“न्हाय मावशी. वळखीचं एक बी नाव न्हाय. आन ही समदी पाखरूवरनं आल्यात. पाखरू तर बंद हाय.” तिनं वाचायला सुरुवात केली. तिचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. “हाक ऐकली... कोणत्या बाजूला?... हे दुसऱ्याचं. आम्ही निघालो... अंधार आहे, पण चालतोय... हडपसर... यवत... पाटस सोडलं... हे सकाळचं. बारामती.”

“त्यांस्नी लिही,” मी म्हणालो. “लिही की माघारी जा, आपापल्या जागी.”

“काल लिहिलं होतं आबा. परत आलं. तसली जागाच न्हाय म्हणतंय.”

आजा माघारी गेला, तेव्हा त्याला जायला तळ होता. इथं तळच पुसलेला. माघारी सोडायचं ते कुठं?

तेवढ्यात मशीननं आवाज केला. स्वरूपानं पडद्याकडं बघितलं, वाचून दाखवलं नाही. नुसती दाराकडं वळली.

“काय लिवलंय?” मी विचारलं.

“दारात आहोत...”

दार उघडं होतं. बाहेर रस्ता, ऊन, एक सायकलवाला. कुणी नव्हतं. पण दुकानात वास आला. ओल्या लोकरीचा. पावसात भिजलेलं घोंगडं बंद खोलीत ठेवलं की येतो तसा. मेंढरं जाऊन आम्हाला चाळीस वर्षं झाली होती. स्वरूपानं भिंतीतली वायर उपटली.

“ती हितं न्हाय थांबायची,” मी तिला म्हणालो. “हाक आमच्या घरची हाय.”

त्या दिवशी दिवेलागणीला आमच्या कुत्र्यानं दावं तोडलं आणि ते हिंदुरावांच्या वस्तीकडं पळालं. वारा नव्हता, तरी ऊस हलत होता. सळसळ एका जागी नव्हती. विहिरीपासून रस्त्यापर्यंत सगळा ऊस हळूहळू हलत होता, आतून माणसं वाट काढत असावीत तसा. मी उंबऱ्यात उभा राहिलो. सिंधुबाई माझ्या मागं.

उसातून कुणीतरी हळूच विचारलं, “हितंच का?”

पलीकडून एक म्हातारा आवाज म्हणाला, “हितंच. उजेड हाय बघा.”

“अहो,” सिंधुबाई माझ्या कानाशी म्हणाली, “त्यांच्यात आसंल वो आपला... एकदा हाक तरी मारा. नावानं मारा, तुमच्या रीतीनं...”

मी मारणार नव्हतो. पण बाप होतो. आणि रीत हीच सांगत होती की नाव घेतलं की ज्याचं त्यानंच ओ द्यायची. दुसऱ्याला देता येत नाही.

“मल्हार!” मी हाक मारली.

सळसळ थांबली. सगळीकडं एकदम शांत झालं. मग विहिरीकडून आवाज आला, “ओ.” बाईचा होता. मग रस्त्याकडून, “ओ.” मग बांधावरून, गोठ्यामागून, उसातून. म्हाताऱ्यांचे, पोरींचे, एक तर बोबडा. “ओ... ओ... ओ, आबा...”

त्यांना नावं राहिली नव्हती. ज्याचं मिळेल त्याचं ते घेत होते.

मी दार लावून घेतलं. रात्रभर आम्ही दोघं चुलीपाशी बसून होतो. पहाटे बाहेर काही नव्हतं. नुसता दारापुढचा सडा तुडवून तुडवून चिखल झाला होता.

संक्रांतीच्या सुमारास मल्हार आला. भरदुपारी, फाट्यावर एसटीतून उतरून, पेटी खांद्यावर. वाळला होता. सिंधुबाईनं आधी त्याची मनगटावरची भाजल्याची खूण बघितली. खूण होती. मग ती त्याच्या गळ्यात पडली. मी उभाच होतो.

“पत्र वाचलंस?” मी विचारलं.

“न्हाय आबा. जहाज अडकून पडलं हुतं, किनाऱ्याला उतरूच दिलं न्हाय. पत्र कुठलं वाचतोय?”

“मग आलास कसा?”

“सुटका झाली तसा आलो. आन तुमची हाक ऐकली हुती.” हे त्यानं पेटी खाली ठेवता ठेवता म्हटलं.

तो जेवला. जुन्या गोष्टी त्याला सगळ्या आठवत होत्या. माझ्याशी उसाच्या पाण्यावरून वाद घातला, पहिल्यासारखाच. हिंदुराव येऊन त्याला भेटून गेले. म्हणाले, “म्हस्कूतात्या, आता तरी हसा की वो. पोरगं आलंय, का पाहुणा आलाय?” मी हसलो. बरं वाटलंच होतं. खोटं का सांगू?

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पडवीत घोंगडं घेऊन झोपला होता. सिंधुबाई तांदूळ निवडत होती. मी दारात विळ्याला धार लावत होतो. हिंदुरावांची मंडळी बनाबाई तिकडून बांधावर आली आणि तिच्या गड्याला हाक मारू लागली. “गेणूऽ! ए गेणूऽ!”

“ओ,” पडवीतून आवाज आला.

मी वळून बघितलं. मल्हार झोपलेलाच होता. डोळे मिटलेले, श्वास संथ. ओठ तेवढे उघडून मिटले.

गेणू काही आला नाही. बनाबाईनं आपल्या जावेला हाक मारली. “छबूबाईऽ, अगं हाईस का?”

“ओ... आले,” मल्हार झोपेत म्हणाला. आवाज बाईचा होता, बारीक आणि थकलेला.

विळा माझ्या हातातच राहिला. मी सिंधुबाईकडं बघितलं. तिनंही ऐकलं होतं. सूप बाजूला ठेवून ती उठली, त्याच्याजवळ गेली, आणि त्याच्या अंगावरचं घोंगडं पायापर्यंत सारखं केलं.