ओरिनचे हिरवे डोळे

ओरिन त्वाइटचं प्रेत सकाळी तळ्यात सापडलं. बर्फ पातळ झालेल्या जागेभोवती गावाने नाताळची जुनी झाडं रोवून खूण केली होती. ओरिन त्यांच्यामधून सरळ पाण्यात चालत गेला होता.

"बाबांनी मुद्दाम केलं का?" त्याच्या मुलीने, लिनेयाने, विचारलं. तिला काहीच वाटत नव्हतं. त्याचीच तिला भीती वाटत होती.

तपासाला आलेल्या उपशेरीफ गेलने प्रेताचे डोळे पाहिले. हिरवट, तपकिरी छटेचे. मग ती ओरिनच्या घरी आली. ओरिनचा धाकटा भाऊ हालवर, शाळेच्या बसचा ड्रायव्हर, कॉफी ओतत होता.

"ओरिनना दिसत होतं?"

"काचबिंदू होता, पण औषध चालू होतं. टपालाने यायचं. तीन वर्षं रोज संध्याकाळी मीच दोन्ही डोळ्यांत थेंब घालायचो."

"तुमचे डोळे तपासलेत कधी?"

"मला काय धाड भरलीय!" हालवरने तपकिरी डोळे मिचकावले.

भिंतीवर दोघा भावांचा फोटो होता. दोघांचे डोळे सारखेच, हिरवट.

गेलने लिनेयाला बाजूला घेतलं. "काकांचे डोळे कधीपासून असे?"

"झालं दीडेक वर्ष. पापण्याही दाट झाल्यात. चर्चमध्ये सगळ्यांनी पाहिलंय."

"कुणी विचारलं नाही?"

"असं कसं विचारायचं?"

खरंच आहे. आमच्या या गावात शेजाऱ्याच्या घराला आग लागली तरी आधी हवापाण्याचं बोलतील. असल्या सभ्यपणाचा मला संताप येतो.

गेल हालवरसमोर बसली.

"त्या औषधाने डोळ्यांतला दाब उतरतो. पण असे हिरवट डोळे हळूहळू तपकिरी होतात, पापण्या वाढतात. ओरिनचे डोळे तसेच राहिले. बदलले तुमचे. त्यांच्या डोळ्यांत काय घालत होतात?"

हालवरने कॉफीचा कप खाली ठेवला.

"मिठाचं पाणी. मलाही कडेचं दिसेनासं झालं होतं. डॉक्टरकडे गेलो असतो तर बसची नोकरी गेली असती."

गेल लिनेयाकडे वळली. "त्यांनी जीव दिला नाही. तळ्याच्या बर्फावर उभारलेल्या मासेमारीच्या खोपटाकडे निघाले होते. झाडं दिसलीच नाहीत. दिसत नाही, हे त्यांनीही कुणाला सांगितलं नव्हतं."

लिनेयाने मान डोलावली. "काका, मागायचं होतंत. बाबांनी दिलं असतं."

"माहीत आहे," हालवर म्हणाला. "म्हणूनच मागवेना."

गेलने त्याला कोट घालायला सांगितलं. लिनेया बघत राहिली. बाबांनी आपल्याला सोडलं नव्हतं, हे आता तिला पक्कं कळलं होतं. तरी रडू येईना.