कुंपणापलीकडची फांदी

"अहो… ती कापू नका."

कुंपणापलीकडे कात्री घेऊन उभा असलेला माणूस दचकला. शेजारी नुकताच राहायला आलेला, चष्म्यांचं दुकान चालवणारा होता तो. तिच्या बाबांनी लावलेल्या ब्लॅकबेरीची एक लांबलचक काटेरी फांदी त्याच्या अंगणात उतरली होती आणि तिच्या शेंड्यानं तिथल्या मातीत मूळ धरलं होतं.

"न विचारता घरात शिरली," तो म्हणाला. "भाडं तरी द्या."

"फळांत मिळेल," ती हसली. "पुढच्या वर्षी."

ती म्हणजे घरातलं शेंडेफळ. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा औषधांच्या दुकानातली नोकरी सोडून तिनंच त्यांचं सगळं केलं. आता बाबा नव्हते. दादानं घर विकलं होतं. पुढच्या उन्हाळ्यानंतर ताबा द्यायचा होता आणि नवा मालक बागेत फरशी घालणार होता. जाण्याआधी बाबांच्या झुडपाची फळं एकदा खायची, एवढंच तिचं मागणं होतं.

मग संध्याकाळी कुंपणाशी गप्पा रंगू लागल्या. फांद्या तारेवर कशा पसरून बांधायच्या ते ती शिकवी; सुतळी संपली की तो दुकानातून चष्म्याच्या दोऱ्या आणी. त्याच्या आईची दृष्टी गेली होती. भिंती चाचपत ती घरात वावरायची. "जगाला चष्मे, आणि आमच्या घरात हे असं," तो हसत म्हणायचा.

थंडीच्या तोंडावर ती मुलाखतीसाठी परगावी गेली. परतली तर त्यानं झुडूप छाटलेलं. फळून वाळलेल्या जुन्या फांद्या तारेवर ऐटीत, आणि यंदाच्या हिरव्या फांद्या जमिनीवर. करायला गेला मदत, झालं भलतंच. ब्लॅकबेरी नव्या फांदीवर पुढच्या वर्षी फळते. एकदा फळलेली फांदी पुन्हा फळत नाही.

"ज्यांनी एवढी फळं दिली, त्यांना कसं कापू…?" तो पुटपुटला.

तिला रडू कोसळलं. पण असल्या चुकीवर रागवायचं तरी कसं? आपला जीव या माणसात अडकलाय, हे तिला त्या रडण्यातच कळलं.

उन्हाळ्यात एकच फांदी फळली, त्याच्या अंगणात उतरलेली. 'कापू नका' असं ती म्हणाली होती, म्हणून त्या फांदीला त्यानं हात लावला नव्हता. ओंजळभर फळं दोघांनी कुंपणावरून वाटून खाल्ली. नोकरी लागली होती, सकाळी निघायचं होतं. त्याच्या तोंडून 'थांबा' एवढंच ऐकायला ती आसुसली होती.

त्यानं मूळ धरलेला शेंडा कुंडीत लावून, चष्म्याच्या दोरीनं काठीला बांधून आणला.

"थांबा म्हणायचं फार मनात आहे," तो म्हणाला. "पण बाबांच्या खाटेपासून आत्ता कुठे सुटलात… लगेच माझ्या आईच्या सेवेला कसं बांधू?"

"विचारून तरी पाहायचं."

"तुम्ही हो म्हणाल, याचीच भीती वाटते."

ती हो म्हणाली असती. दोघांनाही ते ठाऊक होतं. तिनं कुंडी उचलली.

"नव्या फांद्या कापू नका," तो म्हणाला. "एवढं शिकलोय."

नव्या गावी कुंपणाशी लावलेलं झुडूप दुसऱ्या वर्षी फळलं. तिनं पहिली दोन फळं तोडली, एक तोंडात टाकलं आणि दुसरं द्यायला सवयीनं कुंपणावरून हात पुढे केला. पलीकडे कुणीच राहत नव्हतं.